तिकडे चार्जर मिळत नाही

चिरेशेनी,
मंगळवार, कोबी खारवण्याचा आठवडा

प्रिय लुक्रेत्सिया,

तुला, तू सांभाळतेस त्या सिन्योराबाईंना आणि त्यांच्या नव्या खुब्याला नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुम्ही दोघी आपापल्या पायांवर उभ्या असाल अशी आशा करतो. आपल्याकडची पत्रं "आम्ही सर्व बरे आहोत, तुम्हीही असाल" अशी सुरू होतात आणि मीही तसंच लिहायला बसलो होतो, पण आता "आम्ही सर्व" म्हणजे मी, मांजर आणि पिंपातला कोबी. तिघंही बरी आहोत. कोबीत मीठ जरा जास्त पडलं असावं (मीठ दर वर्षी तुझी बहीण टाकायची, मी फक्त पिंप धरायचो, आणि नुसतं पिंप धरून मिठाचं प्रमाण कळत नाही हे मला एक्केचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं). आलुबुखार यंदा चांगले उतरले, पण दारू गाळायला मी कोणाला बोलावलं नाही. फळं झाडाखाली पडतात, गांधीलमाश्या ती खातात आणि गुंगतात, आणि दुपारी अंगणात असा गोड वास सुटतो की बाकावर बसलेला माणूस तासभर कुठे होता ते त्यालाच सांगता येत नाही. मी बहुतेक वेळ त्याच बाकावर असतो. तब्येत विचारशील तर चांगली आहे.

फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. समोर माणूस नसताना बोलायचं म्हणजे रिकाम्या वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटतं. म्हणून हे पत्र मारिनेलच्या गाडीतून पाठवतो आहे. गाडी उद्या निघते, शुक्रवारी तुझ्याकडे पादोव्याला पोचते. सोबत एक पुडकं आहे. पुडक्याबद्दल पुढे लिहितो, कारण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायचं मी गेला महिनाभर टाळतो आहे (आत्तासुद्धा मधेच उठून पिंपावरचा दगड नीट ठेवून आलो. तो नीटच होता).

सप्टेंबरात तू फोनवर रडत विचारलंस, "भावोजी, तिच्या हातात मेणबत्ती होती ना?" मी म्हणालो, होती.

नव्हती.

झालं ते असं. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन चांगलं आलं होतं, आणि तिने अगदी दूधवाला आल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं की वेळ झाली बहुतेक, मेणबत्ती आण. मेणबत्ती तिने स्वतःच उन्हाळ्यात आणून ठेवली होती. कुठे ठेवली तेही मला सांगितलं होतं. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो आणि "हं" म्हणालो होतो. तर मी खण पाहिला, शिवणाच्या मशीनचं झाकण उघडून पाहिलं, ईस्टरच्या अंड्यांच्या रंगांचा डबा पाहिला, देवाच्या तसबिरीमागे हात घातला, आणि मला काडेपेटी सापडली. पाच मिनिटं गेली असतील. परत आलो तो माझ्या हातात काडेपेटी होती आणि ती गेली होती. मेणबत्ती शेजारच्या डोम्निकाकाकूंना सापडली, तिला अंघोळ घालताना. उशीखाली होती. हाताशी असावी म्हणून तिने तिथे ठेवली असणार, आणि मला वाटतं मला सांगितलं होतं तेही हेच.

तुला पुढचं सांगायला नको, पण तू माझी पत्रं सिन्योराबाईंना वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. आमच्याकडे जो हातात उजेड न घेता जातो तो तिकडे अंधारात चालतो. चाळीस दिवसांची वाट आहे, मधे चोवीस जकात नाके आहेत, आणि रस्ता चांगला असल्याचं अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यावर उपाय एकच. गेलेल्या माणसाच्या नावाने इथे कोणा जिवंत माणसाच्या हातात ती वस्तू द्यायची. घेणाऱ्याने मोठ्याने "बोगदाप्रोस्ते" म्हणायचं, म्हणजे देव त्याला क्षमा करो, की वस्तू तिकडे पोचली. ब्लँकेट दिलं तर ब्लँकेट पोचतं, बादली दिली तर बादली. जसं दिलं तसंच पोचतं, कमी नाही की जास्त नाही. यातलं मी किती मानतो हे विचारू नकोस. मी पस्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली आहेत, आणि जे फितीने मोजता येत नाही त्याबद्दल मत द्यायची मला सवय नाही.

डोम्निकाकाकू मात्र पक्क्या आहेत. दफन झाल्यावर त्या कुंपणापाशी आल्या (वयाने माझ्याहून बाराच वर्षांनी मोठ्या, पण मला अजून शाळेत घालायला निघाल्यासारख्या बोलतात) आणि म्हणाल्या, "चेहरा पाडून बसू नकोस, इलारिए. उजेड मागाहूनही धाडता येतो." मी विचारलं, मेणबत्ती देऊ का कोणाला. त्या म्हणाल्या, मेणबत्ती हातात असती तर गोष्ट वेगळी होती, ती मेलेल्याच्या श्वासाने पेटते. मागाहून धाडलेली तिकडच्या वाऱ्यात टिकत नाही, स्वप्नात येणारे सगळे विस्कटलेल्या केसांनी येतात ते काय उगाच. त्यांनी स्वतः नवऱ्याच्या, त्रिफूकाकांच्या नावाने कंदील दिला होता, चांगला काचेचा, पण त्यात रॉकेल घालून द्यायचं राहिलं. त्रिफूकाका दर गुरुवारी स्वप्नात येऊन रिकामा कंदील कानाशी हलवून दाखवायचे. शेवटी काकूंनी गिरणीवाल्याला रॉकेलचा डबा दिला तेव्हा गुरुवार सुटला. मी घरी आलो, बाकावर बसलो आणि ठरवलं की विजेरी द्यायची. वाऱ्याने विझत नाही आणि रॉकेल लागत नाही.

आरामा गावच्या बाजारात एक नवं दुकान झालं आहे. करवती, कुलपं, मासे धरायचे गळ आणि विजेऱ्या. दुकानदाराचं नाव ऑक्टाव, चाळिशीचा आहे, बोलका आहे. मी म्हणालो, लहानशी विजेरी हवी. त्याने लगेच एक काळी चकचकीत काढली आणि म्हणाला, "ही घ्या काका, सेलची कटकटच नाही. मोबाइलच्या तारेने चार्ज होते." मी विचारलं, जिथे वीजच नाही तिथे काय करायचं.

"डोंगरात निघालात?"

मी म्हणालो, मी नाही, बायको.

"एकट्या? कोणी सोबत नाही?"

मी म्हणालो, तिकडे पुष्कळ मंडळी आहेत, पण निघाली एकटीच. त्याने विचारलं किती दिवसांसाठी. मी म्हणालो, वाटेत चाळीस दिवस लागतात, पुढे मुक्काम तिकडेच. त्याने काळी विजेरी खोक्यात परत ठेवली. म्हणाला, मग पेन्सिल सेलवालीच घ्या, तिकडे चार्जर मिळत नाही, पण पेन्सिल सेल जगाच्या टोकालाही मिळतात, कोणीतरी म्हातारी टपरीत सिगारेटी आणि सेल विकत बसलेली असतेच. मी विचारलं, टोकाच्या पलीकडे गेलं तर? (मला थट्टा करायची नव्हती. मला माहिती हवी होती.) तेव्हा त्याची नजर माझ्या कोटावरच्या काळ्या फितीकडे गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं आता हा हसेल किंवा सांत्वन करेल. पण तो गल्ल्यामागून बाहेर आला, दाराला कडी घातली आणि अगदी हळू म्हणाला, "माझ्या आईला आम्ही कंदील दिला, काका. जड होता. अजून चुटपूट लागते." मग त्याने काउंटरवर तीन विजेऱ्या ओळीने मांडल्या आणि म्हणाला, पाकिटावरचा आकडा बघू नका, वजन बघा, चालायचं खूप असतं. इतका जाणता दुकानदार मी पाहिला नाही.

मला ठरवता येईना, म्हणून तिन्ही घेतल्या.

पहिली एक सेलची, पण पाच प्रकारच्या उजेडांची: मंद, मध्यम, लख्ख, लुकलुकती आणि संकटसमयीची. दुसरीही एक सेलची, माझ्या अंगठ्याएवढी, डोकं पिळलं की पेटणारी. तिसरी दोन सेलची, जुन्या फाउंटन पेनसारखी लांबट, बुडाशी एक बटण आणि दोनच उजेड, थोडा आणि पुरेसा. मी त्या तळघरात नेल्या आणि भर दुपारी दार लावून घेतलं. खात्यातली जुनी फीत काढली. पहिलीच्या पाकिटावर लिहिलं होतं की उजेड एकशे तीस मीटर जातो. आपलं तळघर साडेनऊ मीटर. उजेड समोरच्या भिंतीला लागून थांबला, पण त्याची पुढे जायची तयारी दिसत होती. उजेडाचं एक माप असतं, ल्युमेन म्हणतात. आकडा मोठा तर उजेड जास्त, पण आकडा मोठा तर सेल लवकर संपतो, आणि ही दुसरी गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते. हे सगळं मी वहीत लिहिलं. कोळिष्टकं, कोबीचा आंबूस वास, बाहेर कोणाची तरी कोंबडी, आणि अंधारात मी एका भिंतीवर तीन तऱ्हेचे गोल पाडत बसलेलो. वेळ कसा गेला कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा अंगणातलं ऊन खोटं वाटत होतं.

मी पहिली निवडली. आकडा सर्वांत मोठा होता. (तू हसशील. तुझ्या बहिणीने नेमकी हीच चूक मला नांगर घेताना, टीव्ही घेताना आणि बूट घेताना दाखवून दिली होती.) पाव आणि टॉवेल यांच्यासकट ती डोम्निकाकाकूंना कुंपणावरून दिली, त्या बोगदाप्रोस्ते म्हणाल्या, आणि त्या दिवशी मला बरीच शांत झोप लागली. चौथ्या दिवशी सकाळी काकू कुंपणाशी उभ्या.

"आली होती रे. माझ्या फाटकाशी. हातात ती तुझी बत्ती, आणि ती बत्ती पोलिसाच्या गाडीसारखी लुकलुकतेय. म्हणाली, एकदा दाबलं की मिणमिण, दोनदा दाबलं की डोळे दिपतात, आणखी दाबलं की नाचायलाच लागते. नाक्यावरचे साहेब तोंडावर हात धरतात, मागची माणसं कुरकुरतात. म्हणाली, त्याला सांग, मला नाचायचं नाही, मला चालायचं आहे."

हे शेवटचं वाक्य काकूंना रचता येणार नाही, लुक्रेत्सिया. ते तिचंच आहे. (आमच्या लग्नातसुद्धा ती नाचली नव्हती. बूट चावत होते. मला अगदी संध्याकाळी सांगितलं.) मी विचारलं, माझी काही चौकशी? काकू म्हणाल्या, "'त्याला सांग' म्हणाली की. अजून काय हवं, आरती?"

मग मी दुसरी दिली, अंगठ्याएवढी. हलकी होती, खिशात मावणारी. ती टपालवाल्या पाउनाला दिली, कारण हिवाळ्यात ती अंधारातच सायकल काढते. आठवडा गेला. पाउना पेन्शनची सही घ्यायला आली आणि मी सही करत असताना म्हणाली, काका, तुमच्याकडच्या बाई काल आमच्याकडे आल्या होत्या. मी विचारलं कोण बाई. "कोण म्हणजे काय, तुमच्याच. स्वयंपाकघरात बसल्या, आणि एप्रनचे खिसे उलटे करून टेबलावर ओतले. अक्रोड, दोऱ्याचं रीळ, रुमाल, अर्धा कंगवा. त्यात ती बत्ती. म्हणाल्या, दर वेळी अक्रोड समजून फोडायला घेते. आणि पिळायची कशी ती, काका? त्यांची बोटं विसरलात?" मी बोटं विसरलो होतो. तुला माहीत आहे तिची बोटं, सांधे सुजलेले. बरणीचं झाकण मीच उघडून द्यायचो. पाउनाने पुढे सांगितलं की उजेड दाताच्या डॉक्टरकडच्यासारखा पांढरा आहे आणि त्यात सगळी माणसं आजारी दिसतात. शिवाय सेल सातव्या नाक्यावर संपला. मेणबत्तीवाले भराभर पुढे निघून गेले.

मी एकच सेल दिला होता. जादा दिला नव्हता. त्रिफूकाकांच्या कंदिलाची गोष्ट ऐकूनही दिला नव्हता. पाउनाने विजेरी बंद पडल्यावर स्वतःचा सेल घातला होता, पण तो तिचा. तो कसा पोचणार? तिलाही तो प्रश्न पडला होता. मी घरातून चार सेलांचं पाकीट आणि पाव आणून तिला रस्त्यावरच दिला. ती एक पाय पेडलवर ठेवून बोगदाप्रोस्ते म्हणाली.

रविवारी मी पाद्रीबाबांना गाठलं. विजेरी चालते का, असं विचारलं. ते म्हणाले, चर्चला मेणबत्ती ठाऊक आहे, मधमाशीच्या मेणाची. पेन्सिल सेलांबद्दल आजवर कुठल्याच धर्मसभेने काही म्हटलेलं नाही. मग बराच वेळ दाढी कुरवाळून म्हणाले की ज्याने उजेड निर्माण केला तो फक्त मेणबत्तीवाल्यांसाठी केला असंही कुठे लिहिलेलं नाही. मी आभार मानून निघालो तर त्यांनी मागून हाक मारली आणि आवाज उतरवून सांगितलं की आपली सेवास्तित्सा त्यांच्याकडेही येऊन गेली. दफनाच्या दिवशी रीतीप्रमाणे त्यांना नक्षीचा टॉवेल दिला होता ना, त्याने मोटारीची काच पुसू नका म्हणाली. मी विचारलं, पुसत होता का. ते म्हणाले, आता नाही.

घरी येताना मी मोजलं (मोजायची सवय जात नाही). डोम्निकाकाकूंकडे एकदा. पाउनाकडे एकदा, पाद्रीबाबांकडे एकदा. तिचा निळा झगा गिरणीवाल्याच्या सुनेला दिला, तिच्याकडे तर जाऊन कंबरेला किती शिवण घालायची ते सांगून आली. सगळ्या गावात तिची ये-जा चालू आहे, उलट हयात असताना ती इतकी फिरत नव्हती. माझ्याकडे मात्र नाही. एकदाही नाही. मला वाटलं, अंधारात घर सापडत नसेल. मग वाटलं, मेणबत्तीचा राग असेल. हे मी कोणाला विचारणार नव्हतो, पण त्या संध्याकाळी काकू अंडी घेऊन आल्या आणि मी विचारून बसलो. काकूंना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"अरे, ज्याच्या हाती दिलं त्याच्याकडे येतात ती. वस्तू जिथे आहे तिथे. देणाऱ्याकडे कशाला येतील?"

म्हणालो, बरं. अंडी आत ठेवली आणि कोबीचं पाणी ढवळायला गेलो. ते आदल्याच दिवशी ढवळलं होतं.

आता तिसरी. दोन सेलांची. ती गेले चार दिवस टेबलावर आहे आणि मी तिच्याकडे बघत असतो. उजेड पिवळसर आहे, पिकलेल्या नाशपातीसारखा, त्यात माणसं आजारी दिसत नाहीत. मी आरशात पाहिलं. बटण मोठं आहे, अंगठ्याने नव्हे, तळहाताने दाबलं तरी लागतं. मी हातमोजा घालून, मग दोन हातमोजे घालून पाहिलं. पहिल्या दाबाला थोडा उजेड, दुसऱ्याला पुरेसा, तिसऱ्याला बंद, नाच नाही. दोरीची कडी आहे, मनगटात अडकते, म्हणजे अक्रोडांत जायचा प्रश्न नाही. आणि थोड्या उजेडावर ठेवली तर दोन सेलांवर वीस दिवस चालते असं कागदावर आहे. वीस दिवस ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. थोडा उजेड म्हणजे चार पावलांपुरता. तिला चार पावलंच लागतात. ती काही लांबचं बघत चालणारी बाई नव्हती, लांबचं मी बघायचो, खुंट्या, बांध, टेकडीवरचा झेंडा. ती पायापाशी बघत यायची आणि वाटेतली औषधी पानं खुडत यायची, म्हणून आम्ही कुठेही उशिरा पोचायचो. दुपारी बाकावर बसलो की मला दिसतं की ती तशीच चालली आहे. विजेरी खाली धरलेली, उजेडाचा गोल पायापुढे मांजरासारखा चाललेला. घाई नाही. लोकांच्या कुंपणावरून वाकून त्यांचे कांदे बघते आणि नाक मुरडते. नाका आला की विजेरी विझवते, कारण अधिकाऱ्याच्या तोंडावर उजेड मारू नये एवढं तिला कळतं, नाव सांगते, सांधे दुखतात ते सांगते, त्यालाही काहीतरी औषध सुचवते, आणि पुढे निघाली की पुन्हा तो नाशपातीच्या रंगाचा गोल. वारा आहे, पण त्या गोलाला वारा लागत नाही. मी तिला बघत राहतो आणि ती वर बघत नाही. मग मांजर मांडीवर उडी मारतं आणि फळं पडल्याचा आवाज येतो.

तर मी तिसरी निवडली आहे. ऑक्टावला जाऊन सांगितलंही. तो म्हणाला, मीही हीच निवडली असती, पण घेणाऱ्याने स्वतः ठरवावं म्हणून गप्प राहिलो. चाळिसावा पुढच्या शनिवारी आहे, त्याआधी ती कोणाच्या तरी हाती पडायला हवी, आणि रक्ताच्या माणसाचा अधिकार मोठा, म्हणून ही विजेरी तुला पाठवतो आहे. पुडक्यात आहे. सेल घातलेले आहेत. मेणबत्तीबद्दल खोटं बोललो त्याबद्दल तू मला जे म्हणशील ते मी ऐकून घेईन. पत्रात म्हणालीस तर बरं, म्हणजे दोनदा वाचता येईल. सिन्योराबाईंना पायऱ्यांवर सांभाळ. तू येशील तेव्हा कोबी खाण्याजोगा झालेला असो.

तुझा भावोजी,
इलारिए

ता. क. पुडक्यात तिची तपकिरी शाल आहे, ती तुझी. दफनाला तुला येता आलं नाही, मला ठाऊक आहे की ते तुला खातं. शाल हातात घेताना बोगदाप्रोस्ते मोठ्याने म्हण, मनातल्या मनात नको. दोन-तीन दिवस वाट बघ. दार आपोआप कळेल तिला.

दुसरं. पाकिटात चार सेल जादा आहेत. सिन्योराबाईंना टीव्हीच्या रिमोटसाठी त्यातले देऊ नकोस. ते मोजलेले आहेत.

तिसरं. हे मुख्य पत्रात लिहायचं होतं, पण लिहिलं गेलं नाही. विजेरी तुझ्यासाठी नाही, लुक्रेत्सिया. म्हणजे तुझ्याकडे येते आहे, पण राहायला नाही. माझ्या हाताने मला दान देता येत नाही, काकूंना मी आडून आडून विचारलं; आणि या घरात दुसरं कोणी नाही. तू तिची रक्ताची, तुझी चूल वेगळी, देशही वेगळा. म्हणून ती हातात घे, पेटवून बघ, विझव, पुन्हा त्याच टॉवेलात गुंडाळ, सहाही सेल बरोबर ठेव, तिकडचा कुठला तरी पाव ठेव, आणि आपल्या तोंडाने म्हण, "हे सेवास्तित्साच्या नावाने इलारिएला." मग रविवारी मारिनेलच्या गाडीत परत दे. मंगळवारी गाडी इथे येते. मी फाटकाशी उभा राहून घेईन आणि बोगदाप्रोस्ते इतक्या मोठ्याने म्हणेन की मारिनेल साक्षीला लागणार नाही. स्वप्नांबद्दल माझं मत वर लिहिलंच आहे, ते तेच आहे. पण ती तक्रार घेऊन आली तरी चालेल. खरं तर तक्रारच ऐकायची आहे.

चौथं. आपल्याकडे चाळीस दिवस दाढी करत नाहीत, तशी मीही केलेली नाही. पांढरी आली आहे, आणि तिने मला दाढीत कधी पाहिलेलं नाही. शनिवारी प्रार्थना संपली की लगेच करून टाकतो, आणि त्या संध्याकाळी तू फोन करू नकोस. मी लवकर झोपणार आहे.